‘मग क्रिकेटमध्येही आरक्षण द्या’ म्हणणाऱ्यांसाठी जिलेट कपाची गोष्ट

आरक्षणाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला क्रिकेट येतं, हा माझा दहा-बारा वर्षांचा अनुभव आहे. ऑफिसात, लग्नात, व्हॉट्सॲपवर, कुठेही. "मग भारतीय टीममध्येही कोटा ठेवा की! तुमच्या बॅट्समनसाठी बाउंड्री जवळ आणा, चौकाराला सहा धावा द्या." आणि मग हशा. हा विनोद इतका जुना झालाय की पाठवणाऱ्यालाही तो कुठून आला ते आठवत नसेल. पण त्याच्या पोटात एक ठाम समजूत आहे: क्रिकेटच्या मैदानावर फक्त गुणवत्ता चालते, तिथे कोण कुठल्या घरातून आला हे कुणी विचारत नाही.

आमच्या अभ्यासिकेतली पोरं या विनोदाला चिडतात, शिव्या देतात, ग्रुप सोडतात. चिडणं स्वाभाविक आहे. पण चिडून वाद जिंकता येत नाही. म्हणून मी त्यांना गेल्या वर्षभरात एक इंग्लिश स्पर्धा शिकवली. हो, शिकवलीच, फळ्यावर सनावळी लिहून. इंग्लंडमधल्या काउंट्यांची मर्यादित षटकांची बाद स्पर्धा, म्हणजे हरला की घरी. १९६३ ते १९८० तिचं नाव जिलेट कप, १९८१ पासून नॅटवेस्ट ट्रॉफी, पुढे प्रायोजक बदलत गेले तशी नावं बदलली. एकदिवसीय क्रिकेट आज जगभर खेळलं जातं त्याची मोठी पाळंमुळं याच कपात आहेत. कपिल देवच्या संघाने १९८३ साली लॉर्ड्सवर वर्ल्ड कप उचलला तेव्हा सामने साठ षटकांचे होते आणि एका बोलरला बारा षटकं मिळत. हा साचा जिलेट कपाचाच होता.

पण मला त्या कपात रस आहे तो त्याच्या जन्मवर्षामुळे.

इंग्लंडमध्ये शेदीडशे वर्षं क्रिकेटपटूंच्या दोन जमाती होत्या. एक ‘जंटलमन’, म्हणजे अमॅच्युअर, हौशी. घरची शेतीवाडी, जमीनजुमला, चांगली शाळा, ऑक्सफर्ड-केंब्रिज. हे लोक पैशासाठी खेळत नाहीत अशी समजूत. दुसरे ‘प्लेअर’, म्हणजे प्रोफेशनल, पगारी. खाणकामगाराचा, विणकराचा, माळ्याचा मुलगा. दोघं एकाच काउंटीकडून, एकाच टीममध्ये खेळत. पण ड्रेसिंग रूम वेगळी. प्रवास आणि मुक्काम अनेकदा वेगळा. लॉर्ड्सवर तर मैदानात उतरायचं फाटकही वेगळं: हौशी मंडळी पॅव्हिलियनच्या मधल्या फाटकातून येणार, पगारी खेळाडू बाजूच्या फाटकातून. पगारी खेळाडूने हौश्याला ‘मिस्टर’ किंवा ‘सर’ म्हणायचं, हौश्याने त्याला नुसत्या आडनावाने हाक मारायची. बोलिंग करून करून खांदे झिजवायचे पगारी माणसाने, आणि कप्तान व्हायचं हौश्याने, मग त्याला बॅट धरता येवो न येवो.

स्कोअरकार्डावरसुद्धा ही वर्णव्यवस्था छापलेली असे. हौश्याची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची आडनावानंतर. मिडलसेक्सच्या फ्रेड टिटमसचा किस्सा प्रसिद्ध आहे. तो पगारी बोलर. एकदा लॉर्ड्सच्या कार्डावर चुकून त्याची आद्याक्षरं आधी छापली गेली, तर लाउडस्पीकरवरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली की हे नाव उलटं वाचावं. हजारो प्रेक्षकांसमोर! दोन अक्षरांची जागा चुकली एवढंच झालं होतं.

हा किस्सा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं नाही. कारण मी लहानपणी आमच्या वस्तीच्या टीमची स्कोअरर होते. भाऊ खेळायचा, मला खेळू देत नसत, म्हणून मी वही-पेन घेऊन बसायचे. जयंतीच्या स्पर्धेत आम्ही बिनधास्त पूर्ण नावं लिहायचो. पण तालुक्याला एका स्पर्धेत गेलो तेव्हा आमच्या कप्तानदादाने सांगितलं, "आडनावं लिहू नको. नुसतं राहुल, सिद्धार्थ, बाळ्या असं लिही." तरीही कॉमेंट्री करणाऱ्याने माइकवरून आडनावं विचारलीच, दोन-दोनदा विचारली, आणि पुढे दिवसभर आमच्या टीमचा उल्लेख गावाच्या नावाने न करता वस्तीच्या नावाने होत राहिला. इंग्लंडमध्ये पायरी सांगायला आद्याक्षरं मागेपुढे करावी लागली. आपल्याकडे नुसतं आडनाव पुरतं. काही ठिकाणी तर ‘राहुल’ आणि ‘सिद्धार्थ’ एवढंही पुरतं.

तर, या व्यवस्थेचं गुणवत्तेशी काय नातं होतं ते बघू. लेन हटन हा विसाव्या शतकात इंग्लंडचा कप्तान झालेला पहिला पगारी खेळाडू. साल १९५२, विरुद्ध संघ भारत, मैदान लीड्स. (याच कसोटीच्या दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्य धावांवर बाद झाले होते, म्हणजे कप्तान म्हणून हटनचा आरंभ कसा झाला ते लक्षात घ्या.) तोपर्यंत हटनच्या नावावर ३६४ धावांचा विश्वविक्रम होऊन चौदा वर्षं झाली होती. इंग्लंडचा कप्तान झालेला हा माणूस स्वतःच्या यॉर्कशायर काउंटीचा कप्तान मात्र कधीच होऊ शकला नाही. त्याच्या आधीचा वॉली हॅमंड हुशार निघाला. तो पगारी होता. १९३८ साली तो नोकरी पत्करून ‘हौशी’ झाला आणि लगेच इंग्लंडचा कप्तानही झाला. माणूस तोच, बॅट तीच, कव्हर ड्राइव्ह तोच. बदलली ती फक्त वर्गवारी.

इथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी थांबून विचार करावा. हॅमंडला ती भिंत ओलांडता आली. आपल्याकडे कुणाला येते? बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात जात आणि वर्ग यांचं जे नातं मांडलं, ते या एका उदाहरणाने वर्गात शिकवता येईल: वर्गाला दरवाजा असतो, तो बंद केला की जात होते. म्हणून ‘इंग्लंडमध्येही जातच होती’ असं म्हणणाऱ्या आपल्या काही उत्साही मित्रांशी मी सहमत नाही. ती जात नव्हती. टिटमसच्या हातचा चहा प्यायल्याने कुणी विटाळत नव्हतं.

विटाळत होतं ते पुण्यात. पळवणकर बाळू, चांभार समाजात जन्मलेला डावखुरा स्पिनर. पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळत, गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बोलिंग टाकत तयार झालेला. हिंदूंच्या संघाने त्याला घेतलं, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, काउंट्यांशी खेळला. महाराज कप्तान, अर्थात. बाळूने त्या दौऱ्यात शंभरावर गडी बाद केले. लेस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात त्याचे अकरा बळी होते. काउंटी संघांना पाडणारा हा माणूस हिंदू संघाचा रीतसर कप्तान कधीच झाला नाही. तो मान १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाला, तोही मोठ्या झगड्यानंतर. बाळूने पुढे संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली, १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि हरला. म्हणून आपल्यातले काही जण त्याचं नाव घेत नाहीत. मला हे पटत नाही. राजकारणातला मतभेद राजकारणात मोजावा. त्याच्या बोलिंगवर आणि त्या मातीच्या भांड्यावर आपला हक्क आहे.

आता १९६३ कडे येऊ. नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लिश क्रिकेटच्या कारभाऱ्यांनी हौशी-पगारी हा भेदच रद्द करायचं ठरवलं. १८०६ पासून चालत आलेला ‘जंटलमन विरुद्ध प्लेअर्स’ हा सामना सप्टेंबर १९६२ ला स्कारबरोत शेवटचा खेळला गेला. आणि १ मे १९६३ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर लँकेशायर विरुद्ध लेस्टरशायर हा जिलेट कपाचा पहिला सामना झाला. पावसामुळे तो एकदिवसीय सामना दोन दिवस चालला, ती गंमत वेगळी.

भेद संपला आणि कप सुरू झाला, दोन्ही एकाच हिवाळ्याच्या दोन बाजूंना. हा योगायोग नाही. कारभाऱ्यांना अचानक समतेचा साक्षात्कार झाला असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी हिशेबाच्या वह्या बघाव्यात. युद्धानंतर काउंटी सामन्यांना वर्षाला वीस लाखांवर माणसं येत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा साधारण एक-तृतीयांशावर आला होता. तीन दिवसांचे सामने बघायला कामगाराला सुट्टी कुठली? आणि ‘हौशी’ म्हणवणाऱ्यांपैकी कितीतरी जण क्लबचे सेक्रेटरी वगैरे बनून मागच्या दाराने पगार घेतच होते, डब्ल्यू. जी. ग्रेसपासून ही परंपरा होती. ढोंग परवडेनासं झालं, तेव्हा ते सोडलं. आणि एका दाढीच्या ब्लेडच्या कंपनीने साडेसहा हजार पौंड दिले, तेव्हा एका दिवसात निकाल लावणारी स्पर्धा आली. पहिल्या वर्षी पासष्ट षटकं, बोलरला जास्तीत जास्त पंधरा. सप्टेंबरात लॉर्ड्सवर अंतिम सामना: ससेक्स १६८, वूस्टरशायर १५४. एकीकडे केंब्रिजमध्ये शिकलेला टेड डेक्स्टर, दुसरीकडे पगारी खेळाडू म्हणून वाढलेला डॉन केन्यन, दोघेही कप्तान. स्टेडियम भरलेलं, लोक फुटबॉलला येतात तसे छातीवर बिल्ले लावून आलेले. लॉर्ड्सच्या जुन्या मेंबरांना हे काय चाललंय ते कळेना.

या लोकांनी आणलेल्या गर्दीची खरी ताकद दिसली १९७१ च्या उपांत्य सामन्यात. २८ जुलै, ओल्ड ट्रॅफर्ड, लँकेशायर विरुद्ध ग्लॉस्टरशायर. मैदान खच्चून भरलेलं, माणसं सीमारेषेला टेकून बसलेली. पावसामुळे वेळ गेलेला, त्यामुळे सामना रात्री जवळपास नऊपर्यंत लांबला. फ्लडलाइट नाहीत. शेजारच्या रेल्वे स्टेशनचे दिवे लागलेले. लँकेशायरच्या कप्तानाने अंधाराची तक्रार केली तेव्हा अंपायर आर्थर जेप्सनने आकाशातला चंद्र दाखवला आणि तो दिसतो ना, मग आणखी किती लांबचं बघायचंय, असं विचारलं. मग डेव्हिड ह्यूजेस नावाच्या पोराने जॉन मॉर्टिमोरच्या एका षटकात चोवीस धावा कुटल्या आणि सामना संपवत आणला. बीबीसीने नऊच्या बातम्या थांबवून हे दाखवलं.

मी त्याची क्लिप बघते तेव्हा ह्यूजेसपेक्षा त्या मैदानावरच्या माणसांकडे बघते. लँकेशायरकडून गयानाचा काळा क्लाइव्ह लॉईड. विकेटकीपर आपल्या दादरचा पारशी फारुख इंजिनिअर, जो आदल्या दिवसापर्यंत लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळत होता. समोर ग्लॉस्टरशायरकडून दक्षिण आफ्रिकेचा गोरा माइक प्रॉक्टर, ज्याने त्या दिवशी ६५ धावा काढल्या. प्रॉक्टरच्या देशात तेव्हाच्या वर्णभेदी धोरणामुळे हे तिघं एका मैदानावर उतरू शकले नसते. त्याच देशातल्या बेसिल डॉलिव्हेराला ‘कलर्ड’ ठरवून बाहेर ठेवलं गेलं होतं. तो १९६० ला लँकेशायरमधल्या एका क्लबचा पगारी खेळाडू म्हणून आला, वूस्टरशायरकडून खेळला आणि १९६६ ला इंग्लंडकडून. १९६८ ला त्याची निवड झाली म्हणून दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडचा दौराच नाकारला. गुणवत्ता आपोआप वर येत असती, तर डॉलिव्हेराला सहा हजार मैल जावं लागलं नसतं.

पण व्हॉट्सॲपवाल्यांना द्यायचं माझं खरं उत्तर हे नाही. खरं उत्तर आहे डरहॅम.

१९६३ ला कप फक्त सतरा ‘फर्स्ट क्लास’ काउंट्यांसाठी होता. १९६४ पासून षटकं साठ केली आणि पाच ‘मायनर’ काउंट्यांनाही जागा दिली. मायनर म्हणजे दुय्यम. यांचे खेळाडू आठवडाभर नोकरी-धंदा करायचे आणि सुट्टीत खेळायचे. सतरा मोठ्यांच्या कपात दुय्यम पाच, राखीव जागांवर. आणि काय झालं? हरले. वर्षानुवर्षं मोठ्या काउंट्यांनी त्यांना पहिल्या-दुसऱ्या फेरीत धुतलं. आज आपल्या पोरांना जे ऐकावं लागतं ते सगळं त्यांच्याबद्दलही म्हणता आलं असतं: दर्जा नाही, वेळ वाया, लायकी नसताना का घेता?

दहाव्या वर्षी, ३० जून १९७३ ला, हॅरोगेटमध्ये डरहॅमने यॉर्कशायरला हरवलं. यॉर्कशायर, म्हणजे इंग्लंडमधली सर्वाधिक विजेतेपदं असलेली काउंटी, कप्तान जेफ्री बॉयकॉट. सगळे १३५ मध्ये गारद. डरहॅमचा कप्तान ब्रायन लँडर, १५ धावांत ५ बळी. डरहॅम पाच गडी राखून जिंकलं. पहिल्या दर्जाच्या काउंटीला मायनर काउंटीने या कपात हरवण्याची ही पहिली वेळ. पुढच्याच वर्षी लिंकनशायरने ग्लॅमॉर्गनला पाडलं, १९७६ ला हर्टफर्डशायरने एसेक्सला.

लक्षात घ्या, त्या दिवशी डरहॅमसाठी बाउंड्री जवळ आणली नव्हती. चौकाराला चारच धावा होत्या. राखीव होती ती फक्त मैदानात उतरायची जागा. आरक्षण म्हणजे काय हे याहून सोप्या भाषेत मला सांगता येत नाही. विनोद करणारे ‘प्रवेश’ आणि ‘धावा’ यांची मुद्दाम गल्लत करतात.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. डरहॅम म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९९२ ला त्यांना अठरावी फर्स्ट क्लास काउंटी म्हणून घेतलं. १९२१ च्या ग्लॅमॉर्गननंतर सत्तर वर्षांनी दार उघडलं. (त्याच वर्षी यॉर्कशायरने बाहेरचा खेळाडू न घेण्याची आपली परंपरा मोडून एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरला घेतलं.) पहिल्या वर्षी डरहॅम तळाला. दुसऱ्या वर्षीही तळाला. अशा वेळी ‘बघा, म्हणालो नव्हतो?’ म्हणणारे सगळीकडे असतात. २००७ ला लॉर्ड्सवर डरहॅमने हाच कप जिंकला, तेव्हा त्याचं नाव फ्रेंड्स प्रॉव्हिडंट ट्रॉफी होतं. अंतिम सामन्यात ३१२ धावा केल्या आणि ओटिस गिब्सनने हॅम्पशायरच्या डावातल्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन गडी उडवले. २००८ ला काउंटी चॅम्पियनशिप. २००९ ला पुन्हा. बेन स्टोक्स याच काउंटीतून वर आला.

अभ्यासिकेत हे सांगून झाल्यावर एमपीएससी करणाऱ्या एका पोराने विचारलं, "ताई, पहिल्या दहा वर्षांत हरले म्हणून बंद केलं असतं तर?" मी म्हटलं, तर कुणाला कळलंही नसतं की काय बंद झालं. आणि सगळे शपथेवर सांगत राहिले असते की डरहॅममध्ये क्रिकेटची गुणवत्ताच नाही.

आता इंग्लंडची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. फाटक एक झालं म्हणून घर एक झालं नाही. लॉर्ड्स ज्यांच्या मालकीचं, त्या एमसीसीने बायकांना सदस्यत्व दिलं १९९८ मध्ये. माझ्या वस्तीतल्या दादालोकांनी मला बॅट न देता वही दिली, तेव्हा लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनचंही याहून फार पुढे गेलेलं नव्हतं. अझीम रफीकने यॉर्कशायरमधल्या वंशद्वेषाबद्दल तोंड उघडलं, २०२१ ला संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली, तेव्हा ‘चेष्टामस्करी’ हा शब्द किती वेळा ऐकू आला! हा शब्द आपल्या हॉस्टेलवाल्यांना वेगळा समजावून सांगायला नको. जून २०२३ मध्ये स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. वंशद्वेष, स्त्रीद्वेष आणि वर्गभेद इंग्लिश क्रिकेटमध्ये सर्वदूर आहेत असं त्याने नोंदवलं. २०२१ मध्ये इंग्लंडकडून खेळलेल्या पुरुषांपैकी ५८ टक्के खाजगी शाळांत शिकलेले होते; लोकसंख्येत असे लोक सुमारे ७ टक्के. म्हणजे १९६२ ला कार्डावरची आद्याक्षरं सरळ केली, शाळेचं फाटक तसंच राहिलं.

पण तिथल्या क्रिकेट बोर्डाने हा आयोग स्वतःच नेमला, शाळांचे आकडे मोजले, छापले आणि माफी मागितली. आपल्याकडे आजवर कसोटी खेळलेल्यांमध्ये कोणत्या समाजाचे किती, हा साधा प्रश्न विचारला की ‘खेळात जात आणू नका’ म्हणून अंगावर येतात. आणायला ती बाहेर गेलीय कधी? मोजायची भीती त्यांनाच वाटते ज्यांना बेरीज आधीच माहीत असते.

त्या कपाचं पुढे काय झालं तेही सांगते. २००६ ला बाद स्पर्धेचा साचा मोडून गटवार साखळी सामने आणले. प्रत्येक मोठ्या काउंटीला ठरावीक सामने, ठरावीक उत्पन्न. त्यात मायनर काउंट्यांची जागा गेली. गाजावाजा नाही, नुसतं वेळापत्रकात नाव नाही. २०१० पर्यंत स्पर्धाही दुसऱ्या रूपात विरघळली. २०२० मध्ये ‘मायनर’ हा शब्द अपमानकारक वाटतो म्हणून तो काढला, आता त्यांना ‘नॅशनल काउंटीज’ म्हणतात. लिंकनशायर आणि हर्टफर्डशायर अजून खेळतात, आपापसात, तीन दिवसांचे सामने. कपाच्या पहिल्या फेरीत यॉर्कशायरसमोर टॉस करायला मात्र त्यांना आता कुणी बोलावत नाही.